शत्रू तटाबाहेर नसतो तेव्हा

दिवाळीत अंगणात किल्ला करायचा आणि वर्षभर किल्ल्यांच्या गोष्टी वाचायच्या, ही मराठी घरांची जुनी रीत. मुलीही त्या गोष्टी आवडीने वाचतात. पण त्यांत त्यांना स्वतःसारखे कोण भेटते? जिजाऊ आहेत, झाशीची राणी आहे, हिरकणी आहे. म्हणजे माता आणि राण्या. बारा-तेरा वर्षांची, स्वतःच्या आयुष्यासाठी हट्ट धरून बसलेली मुलगी आपल्या किशोरांसाठीच्या ऐतिहासिक कादंबरीत अभावानेच दिसते.

इतिहासात अशा मुली नव्हत्या काय? कासारवाडीच्या स्टेशनावर लोकल पकडून आपण ज्या पुण्यात जातो, तिथेच १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्यांच्याकडे शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. पुण्याला आगगाडी यायला तेव्हा आणखी तीन वर्षे होती! त्या निबंधानंतरच्या मुक्ताची इतिहासाने फारशी नोंद ठेवलेली नाही. कादंबरीकाराला याहून मोठे आमंत्रण कोणते हवे?

मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. पुढे नांदायला जायचे त्यांनी नाकारले. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये, नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा, असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या.

मग या गोष्टी मुलांसाठी का लिहिल्या जात नाहीत? मला वाटते, त्या अवघड आहेत म्हणून. किल्ल्याच्या गोष्टीत शत्रू तटाबाहेर असतो. मुलीच्या गोष्टीत अडवणारी माणसे घरातलीच असतात, आणि बहुधा मायेचीही. रमाबाई रानडे शिकू लागल्या तेव्हा त्यांना टोमणे मारणाऱ्या घरातल्याच बायका होत्या. रखमाबाईंच्या विरोधात ‘केसरी’ होता आणि पाठीशी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन होते. अशा गोष्टीत सरळ खलनायक सापडत नाही. थोर माणूसही एखाद्या प्रश्नात चुकीच्या बाजूला असू शकतो, हे मुलांना सांगावे लागते. मुलांना ते पचते. बिचकतो आपण मोठेच.

लेखकांनी एक पथ्य मात्र पाळावे. १८८४ च्या मुलीच्या तोंडी आजच्या घोषणा घालू नयेत. तिला भीती वाटू द्यावी, आईसाठी तिचा जीव तुटू द्यावा, मोजलेली किंमत दिसू द्यावी. नाही तर ती पुन्हा पुतळाच व्हायची.

ही केवळ वाङ्मयाची हौस नव्हे. १९७८ पासून मुलीच्या लग्नाचे किमान वय कायद्याने अठरा आहे. तरी दहावी-बारावी झाली की “आता शिक्षण पुरे” हे वाक्य आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या चाळींतून आणि सोसायट्यांतूनही ऐकू येते. ते ऐकणाऱ्या मुलीला कळायला हवे, की आपण काही जगावेगळे मागत नाही. आपल्याआधी कुणीतरी हेच मागितले होते.

आणि ही पुस्तके मुलग्यांच्याही हाती द्यावीत. उद्या ते वाक्य म्हणायचे की गिळायचे, हे बाप आणि भाऊ म्हणून त्यांनाच ठरवायचे आहे.