पट कमी म्हणून शाळा बंद?

जिल्हा परिषदेच्या शाळा सुधारायच्या तर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करा, मुलं एका मोठ्या समूहशाळेत आणा आणि ने-आण करायला गाडी द्या. एवढ्याशा पोरांसाठी दोन-दोन शिक्षक परवडत नाहीत. असं ठासून सांगणारे एक गृहस्थ सध्या सभा गाजवत आहेत.

त्यांच्या गाडीचंच आधी बोलू. गाडी पाड्यावर येत नाही, डांबरी रस्त्यावर थांबते. मध्ये ओढा असतो आणि जुलैत तो मोठ्या माणसाच्या मांडीला लागतो. सहा वर्षांचं पोर दप्तर डोक्यावर घेऊन तो ओलांडणार? आई लावणीला, बाप रोजंदारीवर. मग आजी पोचवते आणि आजीचे गुडघे दुखले की पोर घरी. चौथीतली मुलगी तर धाकट्याला सांभाळायला म्हणून राहते ती राहतेच. हजेरीपटावर मात्र तिचं नाव असतं, म्हणजे कागदावर योजना यशस्वी! पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, हे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी लहान पोरांच्या पायांकडे बघूनच ठरवलं. पाचवीचा वर्ग गावातच ठेवायचा की हायस्कुलात, या जुन्या वादातही किती शिक्षक अतिरिक्त ठरतील यावरच घसे कोरडे झाले. पोर किती चालेल, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.

खर्च वाचेल म्हणता, तर डिझेल आणि चालकाचा पगार कोण देणार? मोठ्या शाळेत शिक्षक जास्त असतात, पण पदं भरली तर.

आणि ती भरा, एवढंच माझं मागणं आहे. मंजूर पदांपैकी 10 टक्क्यांहून जास्त पदं रिकामी ठेवता येत नाहीत, असं याच कायद्याचं कलम 26 सांगतं. पुढचं कलम जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर कामांना जुंपू देत नाही. तरी फळ्यावर जोडाक्षरं अर्धी टाकून बाई पोषण आहाराचे आकडे भरायला मोबाईल घेऊन रेंज शोधत टेकाड चढतात. हे काम दुसऱ्या कुणाला द्या. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखाने महिन्यातून एकदा तरी त्यातल्या प्रत्येक शाळेत जाऊन वर्गात बसावं, एकेका मुलाकडून धडा वाचून घ्यावा, अडलं तिथे शिक्षकाला मदत करावी. त्यासाठी केंद्रप्रमुखांची रिकामी पदं येत्या जूनच्या आत भरा. शाळा बंद करण्याचा एकही आदेश त्याआधी निघता कामा नये.