न खेळलेल्या बंदुकीची किंमत

मराठी सुशिक्षितांच्या मनात संग्राहकांची एक उतरंड पक्की झालेली आहे. ताम्रपट जमवणारा इतिहाससंशोधक ठरतो, जुन्या मासिकांचे अंक जमवणारा व्यासंगी ठरतो, नाणी जमवणाऱ्याला निदान छांदिष्ट म्हणून मान मिळतो. पत्र्याच्या वा प्लॅस्टिकच्या 'अंतराळी' बंदुका जमवणाऱ्याबद्दल मात्र एवढेच म्हटले जाते की, त्याचे मोठे व्हायचे राहून गेले. परभणी जिल्ह्यातील आमच्या एका विद्यार्थ्याने उरूस-जत्रांतून विकली गेलेली ही खेळणी आणि मराठी विज्ञानसाहित्य यांच्या संबंधावर संशोधन करण्याचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा समितीतील एका ज्येष्ठांनी तो एका वाक्यात निकालात काढला: हा विषय भंगारवाल्याचा आहे, मराठी विभागाचा नव्हे. सध्या तो विद्यार्थी एका कादंबरीकाराच्या स्त्रीचित्रणावर काम करीत आहे. त्या विषयावर आधीच किती प्रबंध पडून आहेत, हे आम्ही मोजायचे सोडून दिले आहे.

आमचा वाद त्या ज्येष्ठांशी नाही. 'वाङ्मय म्हणजे छापलेला कागद' या समजुतीशी आहे. परभणीत बी. रघुनाथांच्या हस्ताक्षरातला एखादा कागद सापडला तर आम्ही सगळे धावू, आणि धावलेच पाहिजे. पण कल्पनाशक्तीचा इतिहास केवळ कागदावर उमटतो, हे कोणी सिद्ध केले आहे?

अमेरिकेतील एकच उदाहरण घेऊ. १९२८ साली 'अमेझिंग स्टोरीज' या मासिकातील फिलिप नोलन यांच्या कथेतून बक रॉजर्स हा नायक जन्मला आणि १९२९ पासून तो वृत्तपत्रातील चित्रमालिकेत आला. १९३४ मध्ये डेझी या कंपनीने त्याचे एक्सझेड-३१ हे 'रॉकेट पिस्तूल' बाजारात आणले: पोलादी पत्र्याचे, घोडा ओढला की नुसता आवाज करणारे. पुढच्या वर्षी आलेल्या एक्सझेड-३८मधून गारगोटीच्या ठिणग्या दिसू लागल्या. दुसरे महायुद्ध संपल्यावर जवळजवळ त्याच घाटाची बंदूक पुन्हा आली ती 'यू-२३५ अॅटॉमिक पिस्तूल' या नावाने. यू-२३५ म्हणजे हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बमधले युरेनियम. शहर बेचिराख होऊन फार काळ लोटला नव्हता, तोच त्या मूलद्रव्याचे नाव मुलांच्या खेळण्यावर कोरले गेले. युद्धोत्तर अमेरिकी मनाविषयी एवढे उघडे विधान किती कादंबऱ्यांतून सापडेल? खेळण्यातील बंदूक जपणे म्हणजे हिंसेला कुरवाळणे, हा आक्षेप आमच्या कानी येतोच. त्याला आमचे उत्तर हेच उदाहरण आहे. संग्रहालयातील तलवारींसमोर मुलांना उभे करताना ही चिंता कोणाला पडत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

इथवर संग्राहकांची बाजू आम्ही घेतली. यापुढे त्यांच्याशीही भांडण आहे.

पाश्चात्त्य बाजारात, आणि त्याचे अनुकरण करणाऱ्या आपल्या शहरी हौशी मंडळींतही, खेळण्याची किंमत त्याच्याशी कोणी न खेळण्यावर ठरते. खोका न उघडलेला हवा, रंग न उडालेला हवा. त्याहून वरची पायरी प्रोटोटाइपची, म्हणजे उत्पादनाआधी कारखान्यात घडवलेल्या नमुन्याची. केनर कंपनीने १९७९ मध्ये 'स्टार वॉर्स'मधील बोबा फेटची बाहुली आणली, तेव्हा तिच्या पाठीवरून अग्निबाण सुटणार होता. तो मुलांच्या घशात अडकण्याच्या भीतीने योजना रद्द झाली आणि अग्निबाण पक्का बसवलेली बाहुली विकली गेली. अग्निबाण सोडणारे नमुने तेवढे मागे उरले. त्यांतला एक २०२४ मध्ये अमेरिकेतील लिलावात सव्वापाच लाख डॉलरना गेला. जे खेळणे बालकासाठी धोक्याचे ठरून बालकापर्यंत पोहोचलेच नाही, ते जगातले सर्वांत महाग खेळण्यांपैकी एक ठरावे! दुर्मिळतेचे अर्थशास्त्र आम्हाला कळते. त्यालाच संस्कृतीचे जतन म्हणण्याला मात्र आमचा विरोध आहे.

प्रोटोटाइपची ही कल्पना मराठवाड्यात आणून पाहिली म्हणजे ती कशी उलटी होते ते ध्यानात येते. आमच्या पिढीपुढे अंतराळ आले ते दूरदर्शनच्या 'स्पेस सिटी सिग्मा'तून आणि पुढे १९९८ च्या 'कॅप्टन व्योम'मधून (अर्थात वीज असेल त्या दिवशी). फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. तिथल्या पालांत घोडा दाबला की लाल-हिरवे दिवे लुकलुकणारी बॅटरीची बंदूक टांगलेली असे. आम्ही तिला 'लाईटची बंदूक' म्हणत असू. 'स्पेस गन' हा शब्द खोक्यावरच राहिला. ज्याच्या घरी ती परवडत नसे तो ज्वारीच्या धांड्यांची करी. चिपाडे सोलून कामट्या काढायच्या, आतल्या भेंडाचे तुकडे त्यांत खोचायचे, नळीच्या तोंडाशी पेनाचे टोपण बसवायचे. बैलगाडी करण्याचीच ही जुनी रीत. तिच्यातून किरणे सोडणारे पिस्तूल निघाले. अशी प्रत्येक बंदूक जगात एकुलती एक होती. कारखान्यात आधी नमुना होतो आणि मग वस्तू. इथे वस्तू आधी पडद्यावर दिसली आणि नमुना मागाहून, हाताने झाला. दुर्मिळतेचाच निकष लावायचा तर केनरच्या नमुन्याहून ही धांड्याची बंदूक अधिक दुर्मिळ आहे. तिच्यासाठी कोणते लिलावगृह सूची छापणार आहे?

साहित्याच्या अभ्यासकाला याच्याशी काय कर्तव्य, असे विचारले जाईल. कर्तव्य असे की, मराठी विज्ञानसाहित्याचा वाचक कुठून आला हे आपण कधी तपासलेच नाही. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली, ही हकिगत आमचे विद्यार्थी तोंडपाठ सांगतात. त्याच नारळीकरांना साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळण्यास २०२१ उजाडले. सत्तेचाळीस वर्षे समीक्षेने या प्रकाराला अंगणात उभे ठेवले, आणि त्या काळात तो वाचणारी मुले तयार होत होती ती कोणत्या कल्पनाद्रव्यावर, हा प्रश्न आजही उभा आहे. आमची अटकळ अशी की, निदान आमच्या जिल्ह्यात ग्रंथालयाच्या आधी उरुसाने हे काम केले. अटकळ चुकीची ठरू शकेल. पण ती तपासायला वस्तू हव्यात, आणि वस्तू जमवणाऱ्याला आपण वेडा म्हणतो.

वास्तविक अशा वेडाची परंपरा मराठीत मोठी आहे. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारे कवी. त्यांनी अडकित्ते, दिवे, कुलुपे असल्या घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि पुढे तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. मराठवाड्यात तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीतून वर येणारे मणी, खापरे, मातीच्या आकृती वेचल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला आहे, आणि पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगणारी मूर्ती तेरलाच मिळालेली आहे. लामतुरे पुरातत्त्वाचे प्राध्यापक नव्हते, गावातले व्यापारी होते. त्यांनी वेचलेल्या खापराला दोन हजार वर्षांचे वय होते म्हणून ते पवित्र, आणि आमची प्लॅस्टिकची बंदूक पस्तीस वर्षांची म्हणून ती कचरा, हा फरक ज्ञानाचा नाही. तो केवळ वाट पाहण्याचा आहे.

आणि वाट पाहायला प्लॅस्टिक खापरासारखे टिकत नाही. ते पिवळे पडते, ठिसूळ होते, वितळवले जाते. त्यात २०२० मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्तेचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले, २०२३ मध्ये शुल्क ७० टक्क्यांवर गेले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी आणि देशी कारागिरांसाठी हे योग्यच असेल; पण पालांतून लटकणारी ती निनावी, स्वस्त बंदूक आता इतिहासजमा होऊ लागली आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जिल्ह्यातील मराठी विभागांनी एकेक कपाट आणि एकेक नोंदवही यासाठी ठेवावी. वस्तू कुठल्या जत्रेत, किती रुपयांना घेतली, साच्यावर काही खूण आहे काय, किती भावंडांच्या हातांतून गेली, मुले तिला काय म्हणत, खेळताना तोंडाने कोणता आवाज काढत, हे सगळे लिहून घ्यावे. धांड्याची बंदूक जपणे अवघड, पण ती करून दाखवणारी माणसे जिंतूर, सेलू, पालमच्या गावांत आहेत; त्यांच्याकडून ती करून घ्यावी आणि करताना चित्रित करावी. आणि वस्तू चकचकीत करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. तुटलेल्या मुठीला गुंडाळलेली सुतळी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, भावाचे खोडून बहिणीने लिहिलेले नाव, जे असेल ते तसेच राहू द्यावे.