हौशी यंत्रकारांचे एक प्रदर्शन मुलुंडात भरावे

इंग्लंडात गेली शंभराहून अधिक वर्षे एका विशिष्ट प्रकारची प्रदर्शने भरत आली आहेत, आणि ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांना त्यांतील मांडणीचे प्रयोजन समजावून सांगणे थोडे कठीणच आहे. कारण लांबच लांब टेबलांवर जे जिन्नस तेथे ठेवलेले असतात ते बहुधा विकाऊ नसतात, त्यांची मागणी कोणी नोंदवलेली नसते आणि संसारात त्यांचा कवडीचाही उपयोग नसतो. खरा कोळसा खाऊन खरी वाफ सोडणारे हातभर लांबीचे आगगाडीचे इंजिन, तळहातावर मावणारे पण पेट्रोलवर फिरणारे यंत्र, ज्याचे प्रत्येक दंतचक्र घरी कापले आहे असे घड्याळ, आणि शेजारीच कानशी, आटे पाडण्याची हत्यारे, पितळेच्या कांड्या व बिडाचे ओतीव भाग विकणारी दुकाने, असा तो थाट असतो. टेबलामागे उभा असलेला गृहस्थ पेशाने दंतवैद्य, पाद्री, बँकेतील कारकून किंवा निवृत्त फिटर असा कोणीही असू शकतो, आणि त्या चौघांत त्या दिवसापुरती श्रेष्ठ-कनिष्ठता ठरते ती सांध्याच्या सफाईवरून. पर्सिव्हल मार्शल नावाच्या संपादकाने १८९८ साली ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक लंडनमध्ये काढले, त्याच वर्षी हौशी यंत्रकारांची संस्था निघाली आणि १९०७ पासून त्यांचे प्रदर्शन भरू लागले. एका व्यसनाचा असा रीतसर बंदोबस्त इंग्रजांनाच सुचावा!

असे प्रदर्शन मुलुंडात भरावे, आणि त्यासाठी लागणारी मुख्य सामग्री, म्हणजे कसबी हात, या उपनगरात आजही मुबलक आहे, असे माझे मत आहे. आग्रा रोडचा लालबहादूर शास्त्री मार्ग झाला, पण त्याच्या दुतर्फा कुर्ल्यापासून ठाण्याच्या हद्दीपर्यंत जे कारखाने उभे होते त्यांच्या पाळ्यांवर दोन पिढ्यांचे संसार चालले. कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मुकंद, विक्रोळीचे गोदरेज, भांडुपची गेस्ट कीन विल्यम्स, मुलुंडची रिचर्डसन अँड क्रुडास, पलीकडे वागळे इस्टेट, यांच्या हजेरीपत्रकांवर ज्यांची नावे होती असे टर्नर, फिटर, मिलर आणि हत्यारे घडवणारे कारागीर आज सकाळी बागेत फेऱ्या मारताना आणि दुपारी वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचताना आढळतात. कित्येक कारखान्यांच्या जागी मनोरे आणि मॉल उभे राहिले, यंत्रे भंगाराच्या भावाने गेली, आणि इंचाच्या हजाराव्या भागाचा अंदाज बोटांच्या स्पर्शाने घेणारी माणसे तेवढी मागे उरली. कारखान्यांचे मी शोकगीत गात नाही; त्यांचा धूर आणि आवाज यांची आठवण असलेल्याला तसे करणे शोभणारही नाही. परंतु कारखान्याबरोबर हुन्नरही गेला पाहिजे, असा काही शिरस्ता नाही.

धातूची प्रतिकृती करणे हा पोरखेळ आहे असा ज्यांचा ग्रह असेल त्यांनी वाफेच्या छोट्या इंजिनाची एक अडचण विचारात घ्यावी. आपल्या लोकलचे रूळ साडेपाच फुटी आहेत. त्यांचा बारावा हिस्सा साडेपाच इंच. समजा, १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास जाताना मुलुंडच्या शिवारातून पहिली गाडी ओढून नेणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांपैकी एखाद्याची कोणी या प्रमाणात प्रतिकृती करू लागला. लांबी बारा पटींनी घटते, पृष्ठभाग एकशे चव्वेचाळीस पटींनी घटतो, परंतु घनफळ घटते ते १,७२८ पटींनी. आणि उष्णता साठते ती घनफळात व निसटते पृष्ठभागावाटे, त्यामुळे या चिमुकल्या बाष्पकाची उष्णता मोठ्याच्या मानाने बारा पट वेगाने वाया जाऊ पाहते. पाण्याला आणि वाफेला प्रमाणपट्टी ठाऊक नसते. म्हणून खऱ्या इंजिनाचा आराखडा जसाच्या तसा लहान करून चालत नाही. नळ्यांचा व्यास, शेगडीचा आकार, धुराड्याच्या बुडाशी वाफ सोडणारे तोंड यांचा विचार नव्याने करावा लागतो, आणि तो करूनही बाह्य रूप मूळचे राखावे लागते. एके काळी तर इतक्या लहान इंजिनात कोळसा जळणे शक्य नाही, स्पिरिटवरच भागवावे, असा जाणत्यांचा कौल होता. ‘एल. बी. एस. सी.’ या आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या एका माजी रेल्वे कामगाराने १९२० च्या दशकात अडीच इंची रुळांवरचे ‘आयेशा’ हे आपले इंजिन कोळशावर चालवून आणि त्यामागे जिवंत, वजनदार माणसे ओढून दाखवली, तेव्हा त्या वादाचा निकाल लागला. पुढे चार दशके तो गृहस्थ कारकुनांना आणि शाळामास्तरांना इंजिने कशी बांधावीत हे दर आठवड्याला लिहून शिकवीत राहिला.

येथे कायद्याची एक गंमतही आहे. आपल्याकडील बाष्पकांच्या कायद्यातून पंचवीस लिटरांहून कमी धारणशक्तीचे बाष्पक वगळलेले आहे; तेव्हा हौशी माणसाच्या तांब्याच्या बाष्पकापुढे सरकारी निरीक्षक उभा राहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. वरकरणी ही सवलत वाटते, पण चौरस इंचाला ऐंशी-शंभर पौंड दाबाची वाफ ज्यात कोंडायची त्या भांड्याला डाक कच्चा लागला तर काय होईल हे वाफ कायद्याला विचारीत नाही. इंग्लंडातील हौशी मंडळांनी यावर स्वतःच तजवीज केली: नवे बाष्पक प्रथम थंड पाण्याने काठोकाठ भरायचे, पंपाने नेहमीच्या दुप्पट दाब द्यायचा, मंडळाच्या माहितगार सभासदाने ते तपासायचे, आणि त्याचा दाखला मिळाल्यावाचून सार्वजनिक जागी विस्तव पेटवायचा नाही. थंड पाणीच का, तर ते दाबाखाली जवळजवळ आकसत नाही. भांडे फुटलेच तर चार थेंब गळतात, वाफेसारखा स्फोट होत नाही. हौसेला शिस्त लावण्याचे काम सरकारवर न सोडता हौशींनी ते अंगावर घेतले, ही गोष्ट मला त्या इंजिनांइतकीच प्रेक्षणीय वाटते.

आता आपल्याकडे ही परंपरा का रुजली नाही, हा प्रश्न उरतो. बुद्धी नव्हती असे म्हणावे तर अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांचे उदाहरण आडवे येते. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या घराण्यातील या तरुणाने १८३० च्या दशकात एक अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र स्वतः तयार केले, माझगावच्या राहत्या घरी ओतशाळा चालवली, १८३४ साली आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवली, आणि १८४१ साली तो रॉयल सोसायटीचा पहिला हिंदी सभासद झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण तर घरचेच आहे: चित्रकार होण्यास निघालेला, रंगांधत्वामुळे ती वाट सोडावी लागलेला, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये रेखन शिकवणारा हा मनुष्य सायकली दुरुस्त करता करता नांगरापाशी पोचला आणि १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसवून बसला. हौशीचा उद्योग झाला की आपण त्याचे चरित्र लिहितो. परंतु ज्याच्या हौशीचा उद्योग होत नाही, जो आयुष्यभर रविवारच्या दिवशी पितळच घासतो, त्याला आपल्या समाजव्यवस्थेत जागा ठेवलेली नव्हती. लोखंड लोहाराने, तांबे तांबटाने, पितळ कासाराने हाताळावे असे एकदा जन्मावरून ठरले, म्हणजे लेखणीवाल्याने कानस हाती घेणे हा हौशीचा विषय न राहता प्रतिष्ठेचा प्रश्न होतो. आणि ज्याच्या हाती ती पिढ्यानपिढ्या होती त्याला पोटापलीकडे हौस करण्याची उसंत मिळत नव्हती. तरीही पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहावेत. सुपारी कातरण्यास दोन पाती पुरतात, पण त्या पात्यांना ज्याने घोडे, मोर आणि माणसे यांचे आकार दिले तो कारागीर त्या क्षणी गिऱ्हाइकाच्या मागणीपलीकडे गेलेला होता, यात मला शंका वाटत नाही.

शिवाय हौशी यंत्रविद्या आपल्याकडे मुळीच नाही असेही नाही. ती उत्सवाच्या मांडवात लपलेली आहे. गणपतीतील हलता देखावा मागच्या बाजूने कोणी पाहिला आहे काय? पुढे अफझलखानाचा वध चाललेला असतो, महाराजांचा हात वर जातो आणि खाली येतो, आणि कनातीमागे एकच विजेची मोटर, दोन-तीन पट्टे, भंगारातून आणलेले एक दंतचक्र आणि सायकलच्या पायटणीचा केलेला भुजादंड मिळून ते सारे शौर्य पार पाडीत असतात. हे ज्याने जुळवले तो मंडळाचा कार्यकर्ता बहुधा दिवसा कुठे तरी वेल्डर असतो. आरतीच्या वेळी त्याचे नाव कोणी घेत नाही, आणि विसर्जनानंतर ती सारी रचना मोडून माळ्यावर जाते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली खुले केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय हा याच वृत्तीचा स्थिर झालेला आविष्कार; विजेवर धावणाऱ्या गाड्या, सिग्नल, सर्कस आणि दिवे लागणारे शहर तेथे एकाच्या हौशीतून उभे राहिले आणि मुलांच्या दोन पिढ्या त्यावर तृप्त झाल्या. आपल्याच मार्गावर विद्याविहारला सोमय्या संकुलात २०१५ पासून मेकर मेळा भरू लागला, हेही कौतुकास्पद आहे. मात्र तेथे माझ्यासारख्याचे लक्ष वेधतात ते तरुण आणि तरुणांची साधने: सर्किटे, यंत्रमानव, प्लास्टिकचे थर रचून वस्तू छापणारी यंत्रे. वाईट काहीच नाही. पण साठी उलटलेला टर्नर तेथे गेला तर प्रेक्षक म्हणून जातो, आणि माझा आक्षेप नेमका एवढाच आहे.

या माणसाच्या मार्गात खरी अडचण आहे ती जागेची. इंग्लंडात १९४६ साली निघालेला मायफर्डचा साडेतीन इंची लेथ ज्या हौशींनी हप्त्याहप्त्याने घेतला त्यांच्या घरामागे परसात एक लाकडी खोपट होते. मुलुंडच्या दोन खोल्यांत परस कुठून आणायचा? आज चाळीस किलोच्या आसपास वजनाचे, घरच्या विजेवर चालणारे छोटे लेथ मिळतात, तरी खालच्या मजल्यावर त्यांची थरथर पोचतेच, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत एक तक्रार-अर्ज दाखल झाला की कारभाऱ्यांना निर्णय घ्यावा लागतो. पितळेचा कीस उशीत सापडल्यावर गृहिणी जी कैफियत मांडते ती तर वेगळीच, आणि तिच्यातही तथ्य असते.

म्हणून माझी सूचना दुहेरी आहे. मुलुंडची शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आपली यंत्रशाळा आठवड्यातून दोन संध्याकाळ, एका निदेशकाच्या देखरेखीखाली आणि माफक शुल्क घेऊन, परिसरातील हौशींना खुली करू शकेल. विम्याची आणि सुरक्षेची तरतूद करावी लागेल, पण त्या तरतुदीसाठी कायदा बदलण्याचे कारण नाही. जुन्या कारागिराला यंत्र मिळेल आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षणार्थ्याला पाठ्यपुस्तकात नसलेली गोष्ट, म्हणजे हत्यार धातूला लागताना येणाऱ्या आवाजावरून ते बोथटले आहे की नाही हे ओळखणे, फुकट शिकता येईल. वर्षभराच्या कामानंतर महापालिकेच्या ‘टी’ विभागाने कालिदास नाट्यमंदिराच्या आवारात किंवा एखाद्या शाळेच्या सभागृहात दोन दिवसांची जागा द्यावी. यावर कोणी म्हणेल की, ज्या शहरात पदपथ धड नाहीत तेथे खेळण्यांच्या इंजिनांसाठी सभागृह मागणे ही चैन आहे. मला हा युक्तिवाद मान्य नाही. सभागृहे भरतातच, साड्यांच्या सवलतविक्रीपासून वधूवर मेळाव्यांपर्यंत, आणि एका आठवड्याअखेरीस तेथे धातूचा वास आला म्हणून पदपथांची मरामत अडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्यांची नोकरी टाळेबंदीत गेली, ज्यांची देणी थकली, त्यांना आता हौसेखातर लेथ चालवा असे सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? काहींच्या बाबतीत ती होईल, आणि ज्याला त्या यंत्राचे तोंडही पाहायचे नाही त्याला बोलावू नये. परंतु सत्काराची शाल आणि श्रीफळ या पलीकडे या माणसांपाशी मागण्यासारखे काही आहे का, असे आपण त्यांना कधी विचारलेलेच नाही. अनेकांनी घरातील कपाटात मायक्रोमीटर अजून तेल लावून ठेवलेला आहे, आणि तो विकलेला नाही याला काही कारण असले पाहिजे.

प्रदर्शनाचे नियम थोडे असावेत. वस्तू स्वतः घडवलेली असावी, चालणारी असल्यास चालवून दाखवावी, बाष्पकाला पाण्याच्या चाचणीचा दाखला असावा, आणि काचेची पेटी शक्यतो टाळावी, कारण दहा वर्षांच्या मुलाला चाक हाताने फिरवू दिल्याखेरीज दट्ट्याची गती वर्तुळात कशी बदलते हे कळत नाही. गणेशमंडळांतील देखावेवाल्यांना आवर्जून निमंत्रण द्यावे आणि त्यांची रचना उलट्या बाजूने, कनात काढून, मांडावी. बक्षिसाची निवड निवृत्त टर्नर-फिटरांच्या समितीकडे सोपवावी. उद्घाटनास कोणास बोलवायचे याचा निर्णय नगरसेवकांनी खुशाल घ्यावा. वेळ दिवाळीच्या सुटीतली बरी, कारण गणपतीचे सामान तोवर माळ्यावरून परत काढणे शक्य असते, आणि मुले किल्ले बांधून मोकळी झालेली असतात.