समुद्र बघायला जायचे आहे

यंदा भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे कोकणात निघायचे, असा ठराव आमच्या घरात मंजूर झाला आहे. पाच मते बाजूने पडली, एक तटस्थ. तटस्थ राहिली ती आमची आई. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, आणि "मला काय करायचाय समिंदर?" हा तिचा प्रश्न अजून उभाच आहे.

आम्ही नागापूरचे. नागपूर नव्हे, वाचकहो. अहिल्यानगरच्या उत्तरेला, मनमाड रस्त्यावर एमआयडीसीला चिकटून असलेले नागापूर. पत्त्यातला एक काना राहिला तर पत्र विदर्भ फिरून यायचे! इथून दापोलीचा किनारा तीनशे किलोमीटरच्या वर. त्यामुळे आमच्याकडे समुद्र म्हणजे कॅलेंडरवरचे चित्र.

आमचे वडील मात्र महाडला सोळा वेळा गेले. दरवर्षी 20 मार्चला वस्तीतून ट्रक निघायचा. चवदार तळ्यावर अभिवादन करायचे, भाषणे ऐकायची, आणि रात्रीच परतीला लागायचे, कारण दुसऱ्या दिवशी कंपनीत पहिली पाळी. महाडपासून समुद्र दीड-दोन तासांवर. पण सोळा खेपांत तो त्यांनी एकदाही पाहिला नाही. आपल्या माणसांचे प्रवास असेच झाले. पोटासाठी गेलो, नाहीतर चळवळीसाठी. नुसते बघायला म्हणून घराबाहेर पडणे आपल्याला अजून चैन वाटते. खर्चाची वही उघडली की मन खाते. आम्हीही महिनाभर त्या वहीशी भांडलो. शेवटी थोरली लेक म्हणाली, "बाबा, आजोबांचं राहिलं ते आज्जीचं राहू नये." मग वही मिटली.

आता बेत कसा आखला ते सांगतो. कोणाला उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न, जायचे कधी? पावसाळ्यात कोकण देखणे असते हे खरे, पण घाटात दरडी कोसळतात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्याही गेल्या, हे विसरता येत नाही. भिक्खू संघ आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत एका जागी वर्षावास करतो आणि मग चारिकेला निघतो. पावसाळ्यात वाटा चालण्याजोग्या नसतात, पायाखाली कोवळे गवत आणि जीवजंतू तुडवले जातात, ही त्यामागची साधी व्यवहाराची आणि करुणेची कारणे. आमचाही हिशेब तोच. आश्विन सरला की वाटा वाळतात, डोंगर अजून हिरवे असतात, आणि मुलांना सुट्टी असते.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. नगर ते पुणे सुमारे 120 किलोमीटर. पुढे मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून महाड. गाडी पुतण्या चालवणार. त्याला तीन अटी घातल्या आहेत. आदल्या रात्री पुरी झोप, घाट उजेडातच उतरायचा, आणि दर दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे करायचे. चौथी अट आमच्या जुन्या ट्रकवाल्या शेजाऱ्याने घातली. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. नुसत्या ब्रेकवर घाट उतरू नये, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत.

पहिला मुक्काम महाड. 1923 साली मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव झाला. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. पण कागदावरचे पाणी ओंजळीत येईना. म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. हे मुलांना पुस्तकात वाचून ठाऊक आहे. पायऱ्यांवर उभे राहून ठाऊक व्हावे, एवढीच इच्छा.

महाडला लागूनच, मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेला गांधारपाले लेणी आहेत. डोंगरात कोरलेले विहार आणि चैत्यगृह. सावित्रीच्या खाडीतून व्यापाऱ्यांचा माल वर यायचा आणि त्याच वाटेवर भिक्खूंची वस्ती होती. पायऱ्या चढाव्या लागतात. आई खाली सावलीत बसणार, तिच्यापाशी आळीपाळीने एकजण थांबणार.

दुसऱ्या दिवशी म्हाप्रळमार्गे मंडणगड तालुक्यात आंबडवे. हे बाबासाहेबांचे मूळ गाव. 2022 च्या फेब्रुवारीत तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद इथे येऊन गेले. तिथून दापोली. सैन्यातून निवृत्त झाल्यावर सुभेदार रामजींनी काही काळ दापोलीला बिऱ्हाड केले होते, तेव्हा भीमराव अगदी लहान. आणि दापोलीजवळच वणंद. माता रमाईंचा जन्म 1898 साली तिथला. त्यांचे वडील बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत.

वणंदचे नाव काढले आणि आमची तटस्थ सभासद पहिल्यांदा हलली. "रमाईचं गाव? मग तिथवर येते मी. समिंदर तुमचा तुम्ही बघा."

तिसरा दिवस किनाऱ्याचा. कर्दे आणि मुरुड ही गावे एकाच वाळूच्या पट्ट्यावर आहेत. मुरुड हे महर्षी कर्व्यांचे गाव. विधवेशी विवाह केला म्हणून याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. या वाळूतून सकाळी चालत जायचे. पण भरती-ओहोटी बघून. त्याची युक्ती दापोलीकडच्या एका स्नेह्याने फोनवर सांगितली. त्या दिवशीची तिथी घ्या, तिनाने गुणा, चाराने भागा; जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. साधारण सहा तासांनी ओहोटी. आम्ही पोचू ती पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. सकाळी दहाच्या आसपास पाणी सर्वांत लांब. म्हणून साडेआठला निघायचे, पाणी मागे सरत असताना चालायचे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठे असते, तेव्हा जपून. गुडघ्याच्या वर पाण्यात कोणी जायचे नाही, आणि गाडी वाळूत घालायची नाही. शहाणी माणसे वाळूत गाडी लावतात आणि भरतीला गाडीचे टप शोधतात.

चौथ्या दिवशी पन्हाळेकाजी. कोटजाई नदीच्या काठी 29 लेण्यांचा समूह. हीनयानाच्या काळापासून वज्रयानापर्यंतच्या खुणा तिथे आहेत, पुढे नाथ संप्रदायाच्याही. पायात चपला नकोत, बूट हवेत. नंतर परत.

एवढा बेत झाला, राहिली मुक्कामाची जागा. लेकीने किनाऱ्यावरच्या एका घरी फोन लावला. खोल्या होत्या, दर ठरला, जेवण ठरले. मग पलीकडून नाव विचारले, मग आडनाव, मग "म्हणजे तुम्ही कोण?" लेकीने सांगितले. "बघून कळवतो" म्हणाले. संध्याकाळी निरोप आला की खोल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीने, वेगळ्या आडनावाने, त्याच तारखांना विचारले. खोल्या रिकाम्या होत्या.

त्या रात्री घरात कोणी फार बोलले नाही. धाकटा म्हणाला, "राहू द्या, जाऊच नको." तेव्हा आम्ही त्याला बाबासाहेबांच्या आत्मकथनातला मसूर स्टेशनचा प्रसंग सांगितला. 1901 साल. भीमराव आणि बरोबरची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघाली. येतो म्हणून पत्र टाकले होते, पण गड्याच्या विसरभोळेपणाने ते वडिलांना मिळालेच नाही. स्टेशनवर न्यायला कोणी नाही. जात कळल्यावर गाडीवान बसवून घेईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला; गाडी मुलांनी हाकायची, तो चालत येणार. डब्यात जेवण भरपूर होते, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली. नऊ-दहा वर्षांचे ते पोर घरी बसले असते तर? 1934 साली तेच बाबासाहेब सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात हौदावर हातपाय धुतले म्हणून अपमान झाला, तरी लेणी बघायचे त्यांनी सोडले नाही.

सकाळी लेकीने दुसरीकडे फोन केला. या वेळी दराच्या आधी आडनाव सांगितले आणि कोण ते स्वच्छ सांगितले. पलीकडच्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "या की. मासे चालतात ना? आणि आजींना खालची खोली देते, जिना नको." आगाऊ रक्कम त्याच दिवशी पाठवली. पत्र पोचले की नाही हे मात्र दोनदा विचारून घेतले.

हे सगळे आई कोपऱ्यात ज्वारी निवडत ऐकत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "त्या समिंदराचं पाणी कोणी अडवत न्हाई ना?"

"नाही आई. खारट असतं, पिता येत नाही."

"हां," ती म्हणाली, "मग कशाला अडवतील!"

वाचकहो, आमची बॅग अजून भरायची आहे. यादी भिंतीला चिकटवली आहे: औषधे, बॅटरी, टोप्या, गाडीचे कागद, थोडी रोख रक्कम, कारण डोंगरात मोबाईलची रेंज जाते आणि पैसेही अडकतात. यादीत पहिल्या क्रमांकावर पाण्याचे दोन मोठे कॅन आहेत. त्याखाली काल रात्री नातीकडून आईने एक ओळ वाढवून घेतली. आजोबांचा फोटो, लहान फ्रेमचा. वणंदला न्यायचा असेल, असे आम्हाला वाटले. विचारले तर म्हणाली, "न्हाई. समिंदरापाशी. वणंदला माझी मी जाईन."

ठराव आता एकमताने मंजूर आहे. जयभीम.