विश्लेषण : ‘तेवीस’ सांगितले की मूल ‘३२’ का लिहिते? घरच्या घरी खेळता येतील असे गणिताचे पाच खेळ

पहिली-दुसरीतल्या मुलाला ‘तेवीस’ लिहायला सांगितले आणि त्याने ३२ लिहिले, तर घरात बहुधा एकच निष्कर्ष निघतो : ‘याचे लक्षच नाही.’ मग पाठांतर वाढते, ओरडा बसतो आणि सात वर्षांच्या मुलाला गणित नकोसे होते. प्रत्यक्षात मुलाने ऐकले तसेच लिहिलेले असते.

गोंधळ नेमका कुठे होतो?

‘तेवीस’ म्हणताना आधी तीन ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ३. ‘एकोणतीस’ तर त्याहून अवघड. शब्दात तिसाला एक कमी, म्हणजे चक्क वजाबाकी. कागदावर २ आणि ९. मिरजेच्या बाजारात मराठीइतकीच कन्नडही कानावर पडते. कन्नडमध्ये तेवीसला ‘इप्पत्तमूरु’ म्हणतात : आधी वीस, मग तीन. इंग्रजीतही ‘ट्वेंटी थ्री’. म्हणजे शाळेत इंग्रजी, घरात मराठी आणि शेजारी कन्नड ऐकणारे मूल एकच संख्या दोन उलट क्रमांनी ऐकत असते.

२०१९ मधील वाद काय होता?

‘बालभारती’च्या दुसरीच्या नव्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन आले आणि राज्यभर गदारोळ झाला. विधिमंडळातही विषय गाजला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे सरळ होते : जोडाक्षरांचे संख्यानाम आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात. चर्चा भाषेच्या अस्मितेवर गेली आणि मुलांची अडचण बाजूला पडली. ‘त्र्याण्णव’ हा शब्द टिकायलाच हवा. पण त्यातले नऊ दशक आणि तीन सुटे मुलाच्या हाताला आधी कळले पाहिजेत.

खेळाने खरेच फरक पडतो का?

पडतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये गरीब घरांतील शाळापूर्व वयाच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. १ ते १० आकड्यांच्या सरळ पट्टीवर सोंगटी सरकवण्याचा खेळ मुलांनी चार बैठकांत, दर वेळी पंधरा-वीस मिनिटे खेळला. तेवढ्यानेही त्यांची संख्यांची समज सुधारली. आकड्यांऐवजी फक्त रंगांची पट्टी वापरलेल्या मुलांत तसा बदल दिसला नाही.

घरी काय खेळता येईल?

काड्यांचे गठ्ठे : खराट्याच्या काड्या घ्या. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. ‘तेवीस दे’ म्हटले की मुलाने दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या द्यायच्या आणि मगच लिहायचे.

सापशिडी : सोंगटी ५ वर आहे आणि फाशावर २ पडले, तर मुलाने ‘एक, दोन’ नव्हे, ‘सहा, सात’ म्हणत पुढे जायचे. ही छोटी सवय मोलाची आहे.

मुठीतले चिंचोके : दहा चिंचोके मोजा, काही मुठीत लपवा. बाहेर सहा दिसतात, तर मुठीत किती? वजाबाकीचे चिन्ह न काढता वजाबाकी होते.

तंबोऱ्याच्या तारा : मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याला सहसा चार तारा. तीन तंबोऱ्यांना किती? पाचांना किती? चारचा पाढा असा डोळ्यांसमोर येतो.

गाडीचा नंबर : मिरज जंक्शनवर थांबणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचे क्रमांक १७४११ आणि १७४१२. सम कोणता, विषम कोणता? अंकांची बेरीज किती? (१४ आणि १५.)

बाजारातला हिशेब वहीत का उतरत नाही?

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणारी मुले अवघड हिशेब तोंडी करत होती, पण तेच गणित वहीत अडत होते. शाळेत शिकणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचे उलट : वहीत जमे, व्यवहारात नाही. म्हणून लक्ष्मी मार्केटमध्ये ३५ रुपयांची भाजी घेऊन ५० ची नोट दिली, की परत किती येतील हे मुलाला विचारा. आणि घरी आल्यावर तोच हिशेब त्याच्याकडून कागदावर मांडून घ्या. दोन्हींमधला पूल आपोआप बांधला जात नाही.

घाई का करायला हवी?

‘असर २०२४’ नुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतील ३३.७ टक्के मुलांनाच वजाबाकी येते. म्हणजे तिघांपैकी दोघे मागे आहेत. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’चे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर पायाभूत वाचन आणि अंकज्ञान देण्याचे आहे. हा भार एकट्या शिक्षकांवर टाकून चालणार नाही. आणि कामावरून दमून येणाऱ्या पालकांकडून रोज तासभर अभ्यास घेण्याची अपेक्षाही योग्य नाही.

दहा मिनिटे मात्र निघू शकतात. यातल्या एकाही खेळाला अ‍ॅप लागत नाही, पैसे लागत नाहीत. पथ्ये दोनच : मूल कंटाळण्याआधी खेळ थांबवायचा आणि उत्तर चुकले तर ओरडण्याऐवजी विचारायचे, ‘कसे मोजलेस, दाखव बघू?’ ३२ लिहिणाऱ्या मुलाची अडचण बहुतेक वेळा त्याच उत्तरात सापडते.