छोट्या पवनचक्कीची जाहिरात पाहताय? संगणकावरचा वारा आणि शिवारातला वारा यांतला फरक आधी समजून घ्या

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळे गावोगावी सौर पॅनेल दिसू लागले आहेत. त्याचबरोबर एक प्रश्नही वारंवार येतो, ‘ढगाळ दिवसांत आणि रात्री काय करायचे?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून सध्या छोट्या पवनचक्क्यांच्या जाहिराती मोबाइलवर फिरत आहेत. जाहिरातीत पात्यावरून वाहणाऱ्या हवेचे लाल, पिवळे, निळे चित्र असते. खाली लिहिलेले असते, ‘संगणकावर सिद्ध झालेले पाते, मंद वाऱ्यातही भरपूर वीज’.

हे चित्र खोटे असतेच असे नाही. पण त्यातून नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे पैसे मोजण्याआधी कळले पाहिजे.

संगणकावर नेमके काय तपासतात?

पवनचक्कीचे पाते मधोमध आडवे कापले, तर विमानाच्या पंखासारखा आकार दिसतो. पुढून गोलसर, मागे निमुळता. यालाच पात्याचे प्रोफाइल म्हणतात. हवा या आकारावरून वाहते तेव्हा दोन बले तयार होतात. एक पात्याला उचलून फिरवते, तर दुसरे मागे ओढते. उचल जास्त आणि ओढ कमी, ते प्रोफाइल चांगले.

पाते वाऱ्याला किती कोनात सामोरे जाते, यावर ही बले ठरतात. कोन वाढवला की उचल वाढते, पण एका मर्यादेनंतर हवा पात्याची पाठ सोडते. मग उचल घटते आणि ओढ एकदम वाढते.

ही मोजणी करण्यासाठी अमेरिकेतील एमआयटी संस्थेचे मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये ‘एक्सफॉइल’ हा संगणकीय प्रोग्राम लिहिला. तो आजही मोफत मिळतो. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झालेला ‘क्यूब्लेड’ पात्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांचे आकडे एकत्र करून पूर्ण चक्कीचा अंदाज देतो. म्हणजेच असे रंगीत चित्र आज अभियांत्रिकीचा विद्यार्थीही काढू शकतो. केवळ चित्र आहे म्हणून यंत्र चांगले, असे समजू नका.

मोठ्या चक्कीचे पाते छोटे करून चालत नाही

साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर किंवा धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला मोठ्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. तोच आकार लहान केला की काम झाले, असे वाटते. इथेच मोठी चूक होते.

पाते किती रुंद आणि त्यावरून हवा किती वेगाने जाते, यावरून अभियंते ‘रेनॉल्ड्स अंक’ काढतात. मोठ्या चक्कीच्या पात्यावर तो कित्येक दशलक्ष असतो. ३ मीटर व्यासाच्या छोट्या चक्कीत, १० सेंटिमीटर रुंदीच्या पात्यावर आणि ५ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात, तो टोकाजवळ साधारण २ लाख येतो. बुडाशी आणखी कमी. इतक्या कमी अंकावर हवा पात्याच्या पाठीवरून लवकर सुटते, तिथे हवेचा फुगा धरतो आणि ओढ वाढते. मोठ्या चक्कीवर उत्तम ठरलेले प्रोफाइल छोट्या चक्कीवर म्हणूनच मार खाते.

यावर उपाय आहेत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे मायकेल सेलिग आणि फिलिप जिग्येर यांनी १९९० च्या दशकात खास छोट्या चक्क्यांसाठी ‘एसजी ६०४०’ ते ‘एसजी ६०४३’ ही प्रोफाइल तयार केली. म्हणून विक्रेत्याला विचारा, ‘तुमचे प्रोफाइल कोणते, आणि सिम्युलेशन कोणत्या रेनॉल्ड्स अंकावर केले?’ उत्तर १ ते ३ लाखांच्या आसपास आले, तर माणसाने निदान अभ्यास केला आहे. उत्तर दशलक्षांत आले, तर तो आलेख तुमच्या चक्कीचा नव्हे.

पाकिटावरचे उत्पादन आणि शेतातले उत्पादन

बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेले उत्पादन प्रत्येक शेतात निघत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. सिम्युलेशनचेही तसेच आहे. संगणकातले पाते गुळगुळीत असते आणि वारा एका दिशेने, एका वेगाने वाहतो. शिवारात पात्यावर धूळ बसते, किडे चिकटतात. बांधावरच्या झाडांमुळे वारा घुसळतो आणि दिशा बदलतो. पात्यानंतर जनरेटर, तार, कंट्रोलर आणि बॅटरी यांतही वीज खर्ची पडते.

वाऱ्यातली किती ऊर्जा काढता येते, याला निसर्गाचीच मर्यादा आहे. जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांनी दाखवून दिले, की कोणतीही चक्की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा काढू शकत नाही. कोणी ‘७० टक्के कार्यक्षमता’ सांगत असेल, तर तिथेच बोलणे थांबवा. छोट्या चक्कीत सगळे नुकसान वजा जाता २५ टक्के हाती लागले, तरी समाधानकारक समजावे.

आता हिशोब करू

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते. ३ मीटर व्यासाच्या चक्कीतून २५ टक्के धरून मिळणारी वीज साधारण अशी:

- ३ मीटर प्रति सेकंद वारा: ३० वॅट
- ४ मीटर प्रति सेकंद: ७० वॅट
- ५ मीटर प्रति सेकंद: १३५ वॅट
- ७ मीटर प्रति सेकंद: ३७० वॅट
- १० मीटर प्रति सेकंद: १,०८० वॅट

‘१ किलोवॅट’ म्हणून विकली जाणारी चक्की बहुधा शेवटच्या ओळीतली असते. तुमच्या शेतात सरासरी वारा ४ चा असेल, तर झुळकांचा फायदा धरून दिवसाला फार तर ३ युनिट वीज मिळेल. ३ एचपीचा पंप तासाला साधारण तेवढीच वीज घेतो. म्हणजे दिवसभराच्या वाऱ्यात पंप तासभर चालेल. ५ च्या वाऱ्यात हा पंप थेट चालवायचा म्हटले, तर चक्कीचा व्यास १२ मीटरच्या पुढे लागेल. पात्याचा आकार कितीही सुधारला, तरी हा हिशोब बदलत नाही. सुधारणेने २२ चे २७ टक्के होतील, ७० वॅटचे ७०० वॅट होणार नाहीत.

नकाशातला वारा तुमच्या खांबावर नसतो

चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे १२० आणि १५० मीटर उंचीचे आहेत. तुमचा खांब १५ मीटरचा असेल. नकाशात ६ मीटर प्रति सेकंद दिसले, तर मोकळ्या माळावर १५ मीटरवर साधारण साडेचार आणि झाडा-पिकांच्या भागात ४ च्या आसपास धरावे. ऊर्जा मात्र निम्म्याहूनही खाली येते.

खळ्यावर उपणताना आपण तिवईवर का चढतो, हे आठवा. चक्कीलाही तोच नियम. पाती आसपासच्या १०० मीटरमधील झाड किंवा घरापेक्षा निदान ९ मीटर उंच हवीत. घराच्या पत्र्यावर बसवलेली चक्की घुसळलेल्या वाऱ्यात सापडते आणि बेअरिंग लवकर जातात.

वारा कधी आणि पाण्याची गरज कधी?

महाराष्ट्रात जोराचा वारा मुख्यतः मे अखेर ते सप्टेंबर वाहतो. तेव्हा पाऊस असतो, पंप बंद असतो. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या नोव्हेंबर ते जानेवारीत वारा मंदावतो. त्यामुळे सिंचनासाठी बहुतेक ठिकाणी सौर पंपच सोयीचा.

मग छोटी चक्की बिनकामाची का? तसे नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, झटका मशीनची बॅटरी उतरते आणि नेमके तेव्हाच रानडुकरे मका-भुईमुगात शिरतात. पठारावर, घाटमाथ्यावर किंवा मोकळ्या माळरानावर शेत असेल, तर सौर पॅनेलच्या जोडीला लहान चक्की ही बॅटरी भरू शकते. शेतघरातले दिवे आणि मोबाइल चार्जिंगही त्यावर होते. गरज काही वॅटची असेल तिथे ती शोभते, काही हजार वॅटची असेल तिथे नाही.

खरेदीपूर्वी विचारायचे प्रश्न

१. ४ आणि ५ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात किती वॅट मिळतात? फक्त कमाल क्षमता ऐकून घेऊ नका.
२. हा आकडा सिम्युलेशनचा की प्रत्यक्ष मोजलेला? आयईसी ६१४००-१२-१ पद्धतीने चाचणी झाली असेल, तर अहवाल दाखवा.
३. वादळी वाऱ्यात चक्की आपोआप थांबते का? कशी?
४. खांब, पाया, तार आणि बॅटरी धरून एकूण खर्च किती? तेवढ्याच पैशांत किती सौर पॅनेल येतील?
५. अशी चक्की दोन पावसाळे पार केलेल्या शेतकऱ्याकडे घेऊन जाल का?

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांना एक सूचना. गटाने मिळून एक वारामापक यंत्र नोंद ठेवणाऱ्या उपकरणासह घ्यावे आणि नियोजित उंचीवर वर्षभर लावावे. एवढे जमत नसेल, तर निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे आकडे घ्यावेत, कारण चक्कीची खरी परीक्षा मंद वाऱ्यातच होते. हा खर्च चुकीच्या चक्कीपेक्षा नक्कीच कमी आहे.

संगणकावरचे सिम्युलेशन दोन पात्यांत कोणते बरे, हे सांगण्यासाठी उत्तम साधन आहे. तुमच्या शिवारात वारा आहे की नाही, हे ते सांगत नाही. तो आधी मोजा, मगच सौदा करा.