खिडक्या अनेक, घर मात्र एक

आषाढाचे ढग सातपुड्यावर उतरू लागले, की मेळघाट वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांतील बालमृत्यूंचे आकडे छापले जातात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, मंत्र्यांचे दौरे होतात, न्यायालय शासनाला फटकारते. दिवाळीपर्यंत तो विषय पानांवरून उतरतो आणि पुढल्या आषाढाची वाट पाहत राहतो. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंनी महाराष्ट्राला प्रथम हादरवले, त्याला आता तीन दशके उलटून गेली. या काळात राज्यातील बहुतेक सर्व प्रमुख पक्षांनी सत्ता भोगली. योजना आल्या, निधी आला, अभ्यासगट आले. बालमृत्यू पूर्वीपेक्षा घटले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु प्रश्न संपला नाही. तो का संपला नाही, याचे उत्तर निधीच्या तरतुदीत शोधण्यापेक्षा एखाद्या घराच्या उंबऱ्यावर बसून शोधावे लागेल.

एखाद्या कोरकू कुटुंबाचे वर्षचक्र डोळ्यांसमोर आणावे. दिवाळीनंतर गावात काम उरत नाही, म्हणून नवरा-बायको लेकरांसह मजुरीसाठी बाहेर पडतात. बाई गरोदर असली तरी जाते. घरी राहून पोट भरण्याची सोय नसते. होळीला सारे परततात, कारण होळी हा कोरकूंचा सर्वात मोठा सण. मधल्या काळात मूल परगावी जन्मलेले असेल, तर त्याची ना गावात नोंद असते ना कामाच्या ठिकाणी. पावसाळा लागतो. घरातले धान्य संपत आलेले असते आणि शेतीची कामे मात्र ऐन भरात असतात. आई पहाटे शेतावर जाते. तान्हे मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते. त्या बहिणीची शाळा बुडते. दूषित पाण्याने हगवण लागते किंवा छाती भरते. घरचे लोक आधी भूमकाकडे जातात, कारण तो त्यांचा आहे, त्यांची भाषा बोलतो आणि ओढ्याच्या अलीकडे राहतो. आरोग्य केंद्र ओढ्याच्या पलीकडे असते, आणि ओढ्याला पूर असतो.

आता या एका घराच्या दुःखाची शासनदरबारी वाटणी कशी होते, ते पाहावे. मुलाचे वजन आणि पोषण आहार हा महिला व बालविकास विभागाचा विषय. लसीकरण आणि औषधोपचार आरोग्य विभागाचा. शिधापत्रिका अन्न व नागरी पुरवठा विभागाची. गावात काम मिळाले असते तर स्थलांतर टळले असते, पण ते रोजगार हमीचे. बहिणीची शाळा शिक्षण विभागाची किंवा आदिवासी विकास विभागाची. पाणी पाणीपुरवठा विभागाचे, ओढ्यावरचा पूल बांधकाम विभागाचा आणि त्या पुलासाठी लागणारी जमीन वनविभागाची. प्रत्येक खात्याची नोंदवही आपापल्या जागी भरलेली असते. कोणत्याही एका कर्मचाऱ्याने कसूर केली, असे दाखवता येत नाही. मूल दगावते ते या नोंदवह्यांच्या मधल्या फटीत. खिडक्या अनेक आहेत. त्यांपुढे उभे असलेले घर मात्र एकच आहे, आणि ते अख्खे घर कोणत्याच खिडकीतून दिसत नाही.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची मांडणी केली. शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा एकत्र विचार केल्याविना माणसाचे सुख सांगता येत नाही, आणि व्यक्ती, कुटुंब, समाज यांना परस्परांपासून तोडून कोणाचेच हित साधता येत नाही, हा त्या विचाराचा गाभा. तो आपण बौद्धिक वर्गांतून पुष्कळ ऐकला आहे. परंतु तत्त्वज्ञानाची खरी परीक्षा व्यासपीठावर होत नसून अंगणवाडीच्या वजनकाट्यापाशी होते. मुलाला केवळ 'लाभार्थी' मानणारी व्यवस्था त्याला एक पाकीट देते आणि सही घेते. त्याच मुलाला एका कुटुंबाचा अंश मानणारी व्यवस्था विचारील, की याची आई आज जेवली का, बाप कुठे आहे, बहीण शाळेत का गेली नाही? दोहोंमधील अंतर पैशाचे नसून दृष्टीचे आहे.

ही दृष्टी व्यवहारात उतरू शकते, याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. गावातल्याच स्त्रियांना शिकवून, घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत त्यांनी ३९ गावांत राबविली. हजार जन्मांमागे ६२ इतका असलेला तेथील नवजात मृत्युदर दहाएक वर्षांत २५ च्या घरात आला. बाळाचा श्वास मोजणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून वेळेवर औषध देणे, ही सारी कामे फारसे न शिकलेल्या ग्रामीण भगिनी करू शकतात, हे जगाने तेथे पाहिले. पुढे देशभरातील 'आशा' कार्यकर्तींच्या कामात हीच पद्धत समाविष्ट झाली. याच काळात राज्यातील १३ स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या क्षेत्रातील बालमृत्यूंची मोजदाद केली आणि २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी नोंदींत दिसतात त्याहून कितीतरी अधिक बालके प्रत्यक्षात दगावतात, हे त्यातून उघड झाले. एकेकट्या संस्थेने हे सांगितले असते, तर ते सहज झटकून टाकता आले असते. तेरा संस्थांचा एक स्वर झटकता आला नाही.

शासनानेही एक पाऊल उचलले. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. देशातील अशा प्रकारचा तो पहिलाच प्रयत्न होता. त्याचे कार्यालय मुंबईत न ठेवता तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात ठेवले गेले. मिशनने नवी योजना आणली नाही. आरोग्य आणि बालविकास या दोन खात्यांना एका मेजाभोवती बसवले. अंगणवाडी सेविका, आशा आणि आरोग्यसेविका या तिघींनी एकाच मुलाची एकच यादी पाहावी, एवढी साधी ती गोष्ट. गावातच चालणारी बालविकास केंद्रे, त्यापुढील उपचारांसाठी आरोग्य केंद्रातील बाल उपचार केंद्रे, आईची बुडालेली मजुरी भरून देण्याची व्यवस्था आणि गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर दिलेला भर, ही सारी त्याच विचाराची अंगे होती. २००५-०६ मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील सुमारे ३९ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१२ च्या पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवर आलेले दिसले.

परंतु येथेच सावध व्हायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील खुज्या बालकांचे महाराष्ट्रातील प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३५.२ टक्के भरले. वयोगट निराळा असल्यामुळे २०१२ च्या आकड्याशी त्याची थेट तुलना करता येणार नाही. तरीही त्या पाच वर्षांत आपण जागच्या जागी उभे राहिलो, हे नाकारता येणार नाही. पुरोगामी, प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात दर तीन मुलांमागे एक मूल खुजे राहते, हा आकडा लज्जास्पद आहे. मेजाभोवती बसवलेली माणसे बदलली, की मेज ओस पडते. समन्वय हा अधिकाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून राहिला, तर तो त्याच्या बदलीबरोबर बदलून जातो.

तो टिकवायचा असेल, तर त्याचे मूळ गावात रुजले पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक महसुली गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असावी, अशी योजना २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानानेच केली आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले आणि २०१५ पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट अशा ग्रामपंचायतींकडे देण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण देणारी डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. स्थलांतरित मुलांचा आणि मातांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणालीही आता राज्याकडे आहे. सारे साहित्य मांडून ठेवले आहे; चूल पेटवणारे हात हवे आहेत. ज्या गावात ही समिती महिन्याकाठी खरोखरच बसते, तेथे आजारी मूल लपून राहत नाही. जेथे ती फक्त कागदावर बसते, तेथे सह्या घरोघरी फिरवल्या जातात.

आता थोडे आपल्याविषयीही बोलायला हवे. वनवासी कल्याण आश्रमाचे आरोग्यरक्षक गावोगावी औषधांची पेटी घेऊन फिरतात. सेवाभारती, राष्ट्र सेविका समिती, भारतीय स्त्री शक्ती यांसारख्या संस्था-संघटना आपापल्या परीने बालसंस्कार, आरोग्य आणि कुटुंब सल्ल्याची कामे करतात. यमगरवाडीच्या माळावर पारधी आणि अन्य भटक्या जमातींच्या मुलांसाठी १९९३ पासून उभे राहिलेले काम आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे. तथापि, जे शासनाच्या खात्यांना आपण विचारतो, तेच स्वतःलाही विचारावे लागेल. एकाच गावात आरोग्याचे काम एक संस्था करते, शिक्षणाचे दुसरी, बचत गटाचे तिसरी. तिघींची त्या गावातील कुटुंबांची यादी एक आहे काय? आपल्या विचारांच्या नसलेल्या, पण प्रामाणिकपणे काम करणाऱ्या संस्थेशी आपण किती वेळा बसून बोलतो? अहवालात कोणाचे नाव आधी यावे, या चिंतेत एखादी जोडणी राहून तर जात नाही ना? आजारी मुलाला श्रेयाच्या वाटणीशी काही कर्तव्य नसते.

या बाबतीत नानाजी देशमुखांचे उदाहरण मार्गदर्शक आहे. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीत जन्मलेल्या या माणसाने सत्तेचे राजकारण सोडले आणि चित्रकूट परिसरात ग्रामविकासाचे काम उभारले. तेथे त्यांनी 'समाजशिल्पी दांपत्य' ही कल्पना राबविली. सुशिक्षित पती-पत्नींनी काही वर्षे गावातच राहायचे आणि शेती, आरोग्य, शिक्षण, रोजगार, तंटे या सर्वांकडे एकत्र पाहायचे. कुटुंबाचा प्रश्न कुटुंबालाच उमजतो, हे त्यामागील मर्म. खात्यांच्या खिडक्यांबाहेर ताटकळणाऱ्या घराला आतले ओळखीचे कोणीतरी मिळाले, की अर्धे काम होते.

हा प्रश्न केवळ डोंगरातला आहे, असे समजून शहरातल्या वाचकाने पान उलटू नये. ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसे बाहेर पडतात. तेथे 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणून मुलींची लग्ने लवकर उरकली जातात. २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला होता. ग्रामसेवक हा आपल्या राज्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. पण मंगल कार्यालयाचा मालक, आचारी, भटजी आणि पाहुणे यांपैकी कोणीच बोलले नाही, तर तो एकटा काय करील? कोवळ्या वयातील आईचे मूलही दुबळे जन्मते आणि चक्र पुन्हा सुरू होते. आपल्या सोसायटीशेजारी इमारत उभी राहत असते, तिथल्या वाळूच्या ढिगावर खेळणारे मूल कोणत्या अंगणवाडीच्या यादीत आहे, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले आहे?

२०२५ च्या विजयादशमीला संघकार्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन आणि नागरी कर्तव्य या दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. त्यांचा अर्थ आपल्याच घरात एकत्र जेवण्यापुरता मर्यादित ठेवला, तर तो अपुरा ठरेल. आपल्या वस्तीतील अंगणवाडीत महिन्यातून एकदा जावे. सेविकेला काय कमी पडते, ते विचारावे. शाखेने, मंडळाने, महिला मंडळाने आपल्या परिसरातील सहा वर्षांखालील सर्व मुलांची एक यादी करावी, मग ती कोणत्याही जातीची, पंथाची, प्रांताची असोत. ती यादी आरोग्यसेविका, शिक्षक आणि नगरसेवक किंवा सरपंच यांच्यासमोर ठेवावी, आणि महिन्याने पुन्हा विचारावे, की यातल्या अशक्त मुलाचे काय झाले? हे काम भव्य नाही. त्याचे छायाचित्र काढण्यासारखे नाही. पण अनेक हात एकाच पाळण्याच्या दोरीला लागले, तरच पाळणा हलता राहतो.

पुढला आषाढ येईलच. त्या वेळी मेळघाटाची बातमी वाचून हळहळण्यापेक्षा, आपल्या गावातील एका तरी मुलाचे वजन गेल्या महिन्यात किती वाढले, हे आपल्याला सांगता यावे. राष्ट्राच्या परम वैभवाची वाट त्या वजनकाट्यावरूनही जाते.